मान सरळ, नजर नाकावर

"माझ्या नाकाकडे बघा."

बाईंचं पहिलं वाक्य हे. नमस्कार, चहा, ख्यालीखुशाली वगैरे मागाहून. वाक्य संपेपर्यंत त्यांचा तळहात समोरच्याच्या एका डोळ्यावर आलेला असायचा. मग तो हात पटकन दुसऱ्या डोळ्यावर, पुन्हा पहिल्यावर. विचुंब्याच्या आमच्या इमारतीत दूधवाल्यापासून लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांनी बाईंचं नाक पाहिलं होतं. एकदा गच्चीवर माकड आलं. सगळे काठ्या घेऊन धावले, बाई हात पुढे करून धावल्या. माकडानेही क्षणभर त्यांच्या नाकाकडे पाहिलं आणि मगच उडी मारली. खोटं वाटत असेल तर आमच्या इमारतीत कुणालाही विचारा. फक्त विचारण्याआधी मला सांगा, म्हणजे मी त्याच्याशी बोलून ठेवतो.

बाई आमच्या समोरच्याच दारात राहायच्या. पनवेलच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात त्या तिरळेपणा मोजायच्या. ऑपरेशन डॉक्टर करायचे, पण डोळा किती सरकलाय हे बाई सांगायच्या. एक डोळा काळ्या चमच्याने झाकायचा, मग चमचा दुसऱ्यावर न्यायचा. उघडा झालेला डोळा जागेवर यायला किंचित हलतो. ती हालचाल म्हणजे बाईंचा माल. काचेच्या लोलकांची एक लांब पट्टी डोळ्यापुढे खालीवर सरकवत राहायचं, आणि ज्या काचेपाशी डोळा हलायचा थांबला तो आकडा. ऐकायला सोपं आहे. मी घरी चाळणी आणि पळी घेऊन आमच्या हिच्यावर करून पाहिलं. तिचे डोळे अजिबात हलले नाहीत, हात मात्र हलला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं काम त्यांच्या मागोमाग घरी येतं. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष पाण्याच्या टँकरवरून तावातावाने बोलत होते. बाई एकदम म्हणाल्या, "तुमचा उजवा डोळा दमला की बाहेर जातो. बसा थोडं." अध्यक्ष बसले. त्यानंतर वर्षभर सभा शांततेत झाल्या, कारण आवाज चढवला की ते आधी बाई कुठे बसल्यात ते बघायचे.

गणपतीची मूर्ती आणायला आम्ही एकत्र गेलो होतो. कारखान्यात ओळीने मूर्ती मांडलेल्या. लोक सोंड बघतात, मुकुट बघतात. बाई एका मूर्तीसमोर थांबल्या आणि त्यांचा हात आपोआप वर गेला.

"याचा डावा डोळा आत आहे," त्या म्हणाल्या.

डोळ्यांची आखणी करणारा कारागीर ब्रश कानावर ठेवून म्हणाला, "ताई, देव मोदकाकडे बघतोय."

बाईंनी मोदक बघितला, डोळा बघितला. "मोदक डावीकडे आहे," म्हणाल्या. मग पाकीट काढत, "हाच द्या. याला दुसरं कुणी नेणार नाही, आणि मला सवय आहे." दहा दिवस त्या देवापुढे आरती म्हणताना मी बाईंकडे चोरून बघत होतो. आता हात वर करतील, मग करतील. केला नाही. देवाला सूट होती.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "आधीचं मला सांगू नका." हे त्यांच्या दवाखान्यात चाललेल्या संशोधनातून आलेलं. दोन माणसांनी एकच डोळा वेगवेगळा मोजला तर आकडा तोच येतो का, आणि नवं कॅमेऱ्याचं यंत्र तोच आकडा दाखवतं का, असा तो अभ्यास. त्यात नियम एकच, पण कडक. मोजणाऱ्याला आधीचा आकडा कळता कामा नये. एका खोलीत बाई, शेजारच्या खोलीत एक सर. दोघं एकमेकांशी जेवणाच्या डब्यापलीकडे एक शब्द बोलायचे नाहीत. हा नियम बाईंनी घरीही आणला होता. तळमजल्यावर नवीन भाडेकरू आला तेव्हा बायका सांगायला लागल्या की हा आधी अमुक ठिकाणी असा वागला, तसा वागला. बाई दार लोटत म्हणाल्या, "आधीचं मला सांगू नका. मी आज बघते."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी टेनिस बॉल क्रिकेटचा समालोचक. पनवेल-उरणच्या गावांमधून सामने भरतात, तिथे मंचावर माइक धरून बसतो. नेऱ्याच्या मैदानावर मी "षटकार!" म्हटलं की वरच्या डोंगरातली गुरं माना वर करतात. एकदा माझं वर्णन इतकं रंगलं की बाद झालेला फलंदाज ऐकत ऐकत परत खेळपट्टीवर गेला. पोटापाण्याचा धंदा हाच, आणि जीवही यातच.

गव्हाणला सामना चालू होता. गोलंदाजाने चेंडू टाकला आणि मला दोन दिसले. शेजारी शेजारी, जुळे भाऊ शाळेत निघाल्यासारखे. मी चालू ठेवलं. एक चेंडू सीमेपार गेला, दुसराही गेला, मी बारा धावा जाहीर केल्या. गुणफलकावर सहा लागले म्हणून मी गुणफलकवाल्याला माइकवरून झापलं. मग बघतो तर गुणफलकही दोन. स्पर्धा भरवणारे नाना मंचाखाली आले, तेही जोडीने.

"भाऊ, आज काय झायलंय तुमाला? बॉल येकच हाय!"

"नाना, तुम्ही दोघं आधी एका जागी उभे राहा," मी म्हटलं.

नानांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. रागाने नाही, हळूच, झोपलेल्या पोराच्या हातातून खेळणं काढावं तसा. तेव्हा मी घाबरलो.

घरी आलो तर बाई जिन्यातच भेटल्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी माझी मान बघितली. ती डावीकडे वळलेली होती, मला पत्ताही नव्हता. "माझ्या नाकाकडे बघा." हात डोळ्यावर आला, सरकला, पुन्हा आला. एरवी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं. त्या दिवशी काही नव्हतं. म्हणाल्या, "उद्या सकाळी दवाखान्यात या. उपाशीपोटी."

डोक्याचा फोटो झाला, रक्त तपासलं. डॉक्टरांनी सांगितलं की डोकं ठीक आहे, साखर वाढलेली आहे. डाव्या डोळ्याला बाहेर ओढणाऱ्या स्नायूची नस साखरेने लंगडी केलीय. बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप सुधारते. आमची ही "बहुतेक" या शब्दावर अडली. मीही तिथेच अडलो होतो, पण पुरुषमाणूस म्हणून जिलबीचं विचारलं.

मी अभ्यासात गेलो तो असा. ठरावीक दिवसांनी जायचं, आधी बाईंनी मोजायचं, मग शेजारच्या सरांनी, मग यंत्राने. बाई बोलायच्या दोनच गोष्टी, "मान सरळ" आणि "नजर चित्रावर". समोरच्या भिंतीवर एक छोटं घराचं चित्र होतं. मला दोन घरं दिसायची. नव्या पनवेलच्या भावात दोन घरं म्हणजे चैन, पण मला एकच हवं होतं.

"किती आलं?" मी विचारायचो.

"मला विचारू नका."

"कमी झालं का, एवढं तरी?"

"मला आधीचं आठवत नाही."

आठवत नाही! दूधवाल्याच्या डोळ्याचा कल ज्यांना पाठ, त्यांना माझा आठवत नाही. मी चिडून घरी जायचो. मध्येच एकदा डोळ्यावर पट्टी बांधून गव्हाणला जाऊन आलो. एका डोळ्याने चेंडू एकच दिसायचा, पण लांब आहे की जवळ ते कळेना. यष्टिरक्षकाने झेललेला चेंडू मी षटकार म्हणून जाहीर केला. गोलंदाजाचा अख्खा गाव मंचाकडे निघाला. नाना म्हणाले, "माइक तुमचाच हाय भाऊ, दुसऱ्याला द्यायचा नाय आपून. पन बॉल येक दिसंल तवाच या." फायनल पावसाळ्याच्या आधी होती. तोवर नाही सुधारलं तर पुढच्या हंगामात तो माइक कुणाच्या हातात असेल हे नानांनाही सांगता आलं नसतं.

मग मी माझी अक्कल चालवली. बाई पट्टी कोणत्या आकड्यावर थांबवतात ते काचेच्या जाडीवरून ओळखायला शिकलो. वरच्या काचा पातळ, खालच्या जाड. एके दिवशी पट्टी आधीच्यापेक्षा बऱ्याच वरच्या काचेवर थांबली. मला इतका आनंद झाला की तो मावेना. खुर्चीवरून उठलो आणि बाहेर बाकावर बसलेल्या आमच्या हिला ओरडून सांगितलं, "अगं, निम्म्यावर आलो! वीसवरून दहावर!"

माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. आमच्या हिने ऐकलं, बाहेरच्या रिक्षावाल्यांनी ऐकलं, आणि मधली भिंत ती काय, शेजारच्या सरांनीही ऐकलं.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. इतकी सावकाश की मला वाटलं तिला तडा गेलाय.

"आजचं सगळं वाया गेलं," त्या म्हणाल्या.

"का? आकडा चुकीचा होता?"

"बरोबर असेल, नसेल. त्यांनी ऐकला. आता त्यांना डोळा दहाच्या पुढे दिसणार नाही आणि मागेही दिसणार नाही."

"पण मी बरा होतोय ना?"

"तुम्हाला बरं दिसायला हवंय," बाई म्हणाल्या. "मला ते नकोय. म्हणून तर मी तुमच्याकडे न बघता तुमच्या डोळ्याकडे बघते. शेजारणीसारखी बघायला लागले तर रोज थोडं थोडं कमी दिसेल मला."

हे बोलताना त्यांचा आवाज जरासा हलला. मी आयुष्यात हजारो झेल सुटताना पाहिलेत, पण तो हललेला आवाज माझ्याकडून सुटला नाही. आठवत नाही म्हणणाऱ्या बाईंना सगळं आठवत होतं, आणि ते बाजूला ठेवायला कष्ट पडत होते.

पुढच्या खेपेला मी तोंडावर रुमाल बांधून गेलो. गंमत नाही, खरंच. आणि घरीही मुका राहिलो. इमारतीत इतकी शांतता पसरली की लोक एकमेकांना विचारायला लागले, सगळं ठीक आहे ना? वरच्या मजल्यावरच्या आजोबांना पहिल्यांदा स्वतःचं घड्याळ ऐकू आलं. आमच्या हिने तर बाईंना विचारलं की अभ्यास कायमचा चालू ठेवता येईल का.

फायनलच्या आधीच्या आठवड्यातली शेवटची मोजणी. रुमाल घट्ट बांधलेला. काळा चमचा डाव्या डोळ्यावर, उजव्या डोळ्यावर. भिंतीवर घर. मी बघत होतो, एकच होतं, पण माझा स्वतःवर विश्वास नव्हता. मला हवं ते दिसायची सवय जुनी आहे. बाईंनी या वेळी पट्टी उचललीच नाही. चमचा परत परत फिरवला. काही बोलल्या नाहीत. सरांकडे गेलो, तेही मुके. यंत्र तर बिचारं बोलतच नाही. मग डॉक्टरांनी तिघांचे आकडे एकत्र उघडले आणि दार उघडून बाईंकडे बघून नुसती मान डोलावली.

बाई माझ्यापुढे आल्या. मला वाटलं, आता पुन्हा नाक. पण त्यांनी रुमालाची गाठ सोडली.

"तिघांनाही काही सापडलं नाही," त्या म्हणाल्या. "आता ओरडा, भाऊ."

मी जो ओरडलो! महामार्गावरच्या गाड्यांनी ब्रेक मारले. खाडीतले बगळे उडाले ते संध्याकाळपर्यंत खाली उतरले नाहीत. आमची ही कानावर हात ठेवून रडत होती. आणि बाई भिंतीला टेकून हसत होत्या, पहिल्यांदाच माझ्या डोळ्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत.

फायनल मीच केली. बॉल येकच हाय याची खात्री नानांनी मंचावर येऊन, बोट नाचवून करून घेतली.

त्यानंतर बाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या. समोरचं दार आता बंद असतं. लिफ्टमध्ये नवीन माणूस भेटला की मला उगाच वाटतं, याला कुणी नाक दाखवलंच नाही. अध्यक्षांचा आवाज पुन्हा चढायला लागलाय.

परवा नेऱ्याला सामना होता. हल्ली तो मोबाईलवर थेट दिसतो, कोपऱ्यात माझा चेहराही असतो. ऐन रंगात आलेलो असताना फोन थरथरला. बाईंचा निरोप. "मान डावीकडे वळतेय."

माइकवर बोलणं थांबलं. डोंगरातली गुरंसुद्धा थांबली असतील. मी एका डोळ्यावर हात धरला, चेंडू एक. दुसऱ्यावर धरला, एक. दोन्ही उघडे ठेवले आणि गोलंदाज धावत यायची वाट बघितली. एक. एकच एक.

मग डावीकडे बघितलं आणि कारण समजलं. फलंदाजी चालू असताना मी लिहिलं, "ताई, डावीकडे वडे तळतायत."

उत्तर लगेच आलं.

"साखरेबरोबर तेलही बंद आहे. मान सरळ."