नर्सबाईंचं गाठोडं

कोल्हारच्या दवाखान्यातल्या नर्सबाई कधी बसून बोलल्या नाहीत. कामं उरकता उरकता बोलायच्या, आणि समोरच्याचं ऐकून झालं की फक्त "बरं, मग?" म्हणायच्या. त्या "मग?"पुढं माझ्यासारख्या कांद्याच्या व्यापाऱ्याचीही जीभ अडखळायची.

दर मंगळवारी त्या ओसरीवर पोटुशा बायकांना शिकवायच्या आणि नवऱ्यांनाही बोलवायच्या. मी साफ सांगितलं, "बाई, बायकोचं पहिलं बाळंतपण हाय, ती माहेरी जानार. तिथं तिची आई हाय, सुईण हाय. इथं बसून मला काय मिळनार?"

"बरं, मग? लेकरू कसं धरणार?" असं म्हणत त्यांनी शालीचं बाळाएवढं गाठोडं माझ्या हातात दिलं. "मान धरा, मान! कांद्याची गोणी नाही ती." बायको पदराआड हसत होती. मी तणतणत निघून आलो.

मुलगी झाल्याचं कळताच मी सासुरवाडीला, नेवाशाला धावलो. सासूबाईंनी दारातच अडवलं. "बारशाला या, जावईबापू. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांचं काम न्हाई." आतून लेकीचं रडणं ऐकू येत होतं. मी भांडलो, हात पुढं केले, आणि रिकाम्या हातांनी परतलो. तो राग अजून गेलेला नाही.

पुढच्या मंगळवारी मी एकटाच दवाखान्याच्या ओसरीवर बाकी जोडप्यांमध्ये जाऊन बसलो. नर्सबाई या वेळी "मग?"सुद्धा म्हणाल्या नाहीत. त्यांनी गाठोडं आणून माझ्या हातांत ठेवलं. मी मान धरली, आणि सगळे उठून गेले तरी ते खाली ठेवलं नाही.