तीन तासांचं नागपूर

पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. पण मराठी राज्यासाठीच्या आंदोलनाच्या त्या वर्षांत गिरगावात आज बंद, उद्या अश्रुधूर, परवा गोळीबार. अशा जागी पोटुशी मुलगी आणायची कशी? म्हणून आईनंच ताईला नागपूरला, सासरीच राहायला सांगितलं आणि मग रोज स्वतःलाच बोल लावला. अशात मेव्हण्यांची तार आली : ताईला इस्पितळात ठेवलंय, प्रकृती नाजूक, आईंना ताबडतोब पाठवा.

आगगाडीनं म्हणजे एक रात्र आणि वर दुसरा अर्धा दिवस. बाबांनी माझा शाळेचा नकाशा जमिनीवर पसरला, शिवणाचा दोरा रुळांवरून भुसावळ, अकोला करत नागपूरपर्यंत नेला आणि मग तोच सरळ ताणून धरला. बोटभर उरला.

"विमान असं जातं. तीन तासांत नागपूर!"

नकाशा जुना होता, त्यात नागपूर दुसऱ्याच प्रांतात. एरवी बाबांनी त्यावर भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी ते तडक तिकिटाच्या मागे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दशम्या घेतल्या आणि वळकटीही बांधली.

"तीन तासांना वळकटी?" बाबा म्हणाले.

"नागपूरला निघालेय, भायखळ्याला नाही," आई म्हणाली.

बाबा तिला सोडायला सांताक्रूझला गेले. मी केरसुणी उचलली, तशा शेजारच्या मालवणी काकू दारातून ओरडल्या, "ठेव ती! माणूस पोचल्याशिवाय केर काढूचो नाय!"

रीत मलाही ठाऊक होती. नागपूरला कुणी गेलं की आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी केर निघे. पण विमानाचा हिशेब कुणालाच माहीत नव्हता. बाबा परतले, जेवले, घड्याळ बघून मला म्हणाले, "पोचली ती. काढ केर."

"तार इली?" काकूंनी विचारलं.

"अहो वहिनी, विमान आहे ते!"

"येवंदे तार."

चाळीत सुधारक म्हणून मिरवणारे बाबा तारेची वाट बघत बसले. मला दोघांचाही राग आला. पण खरं सांगायचं तर माझाही हात केरसुणीकडे गेला नाही.

संध्याकाळी तार आली. आई पोचली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाबा आनंदानं रडले आणि आमच्या घराचा केर काकूंनीच काढला.

पुढं आई परतल्यावर तिथलं सगळं कळलं. तिला दारात बघून ताई घाबरलीच होती. कालच तर तार केलेली, आणि आई आज समोर!

"इतक्यात कशी आलीस गं? खरं सांग, मी वाचत नाही का?"

विमानात आई सगळ्या वाटेनं ओकत आली होती. पण पदर खोचून ती म्हणाली, "चल, काहीतरीच! मला कधीचं विमानात बसायचं होतं. तुझं निमित्त केलं."

तसल्या कळांतही ताई हसली.