मानांग सेंडाचा डावा हात

मानांग सेंडाला माझ्या मुलीकडून नेमकं काय हवं आहे, हा प्रश्न कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हता. आता प्रश्न बदललाय, पण झोप तशीच उडालेली आहे.

माझी क्लारिस इलोइलो शहरात मानांगच्या घरी भाड्यानं राहते. आमचं घर समोरच्या गिमारास बेटावर, मधे बोटीचा लहानसा पल्ला. तरी पोरगी शनिवारी घरी येईनाशी झाली. "नानाय," आईला आमच्याकडे असंच म्हणतात, "या शनिवारी नाही जमणार, मानांगकडे काम आहे." घरमालकिणीकडे कसलं काम असतं? विचारलं की घाईघाईनं फोन ठेवायची.

तिला लहानथोर सगळेच मानांग, म्हणजे ताई, म्हणतात, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. मूळची कालिनोगच्या डोंगराकडची. शाळा अर्धवट सुटली आणि शहरात एका डॉक्टरांच्या घरी कामाला राहिली. त्या घरच्या मुली डॉक्टर झाल्या आणि ही त्यांच्या पांढऱ्या कोटांना इस्त्री करत राहिली. नवरा जीपनी ही प्रवासी गाडी चालवायचा, तो एकाएकी गेला. मूलबाळ नाही. शहरातल्या हारो भागातलं, गल्लीतलं घर तेवढं उरलं. त्यात तिनं खाटा टाकल्या आणि मेडिकलला जायची तयारी करणाऱ्या मुलींनाच जागा द्यायची असं ठरवलं. इतर कुणी आलं की दारातूनच परत. समोरच्या खोलीत भिंतभर फोटो लावलेत, पदवीचे काळे झगे घातलेल्या मुलींचे. ती पाहुण्यांना एकेक दाखवते. "ही सेबूला असते, लहान मुलांची डॉक्टर. ही सौदीला गेली. आणि हिची पहिली सुई कुठे, माहीत आहे? इथे." असं म्हणत स्वतःच्या डाव्या कोपराच्या खळगीवर बोट ठेवते.

आमच्याकडे बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. क्लारिसनं त्यासाठी रक्त तपासणीच्या शिक्षणाची पदवी निवडली. तिसऱ्या वर्षी त्यात रक्त काढायला शिकवतात, वर्गात एकमेकींच्या हातावर आणि शिक्षिकेच्या देखत. कॉलेजबाहेर सुईला हात लावायचा नाही, असा सक्त नियम आहे.

मी एका शनिवारी न कळवता गेले तेव्हा मला ते 'काम' दिसलं. जेवणाच्या टेबलावर मानांग हात पसरून बसलेली, क्लारिस आणि तिची खोलीतली मैत्रीण डॅनिका सुई घेऊन तिच्यावर वाकलेल्या.

"या, मॅडम!" मानांग हसत म्हणाली. मी शाळेत शिकवते, म्हणून मॅडम. "आंबे आणलेत की नुसतीच चौकशी?"

"हे काय चाललंय?"

"शिकवणी. ही शीर बघा, सरळ नि जाडजूड. आंधळ्यालासुद्धा सापडेल. तुमची पोरगी अजून तिरकी जाते, पण हात हलका आहे हो तिचा."

"आणि तुम्हाला काय मिळतं यातून?"

ती खदाखदा हसली. "मिळायचं काय? आमच्या या मॅडमना देव भेटला तरी विचारतील, बाबा, तुझा काय फायदा?"

मुली हसल्या. मला हसू आलं नाही. काहीच न मागणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते. उद्या ही म्हणेल, तुमची मुलगी डॉक्टर झाली ती माझ्यामुळे. उद्या माझ्या पोरीला माझ्यापेक्षा हीच जवळची होईल.

गेल्या रविवारी पुन्हा गेले. या उकाड्यात मानांगनं लांब बाह्यांचा झगा घातला होता. मला बघून डॅनिका ताट अर्धवट टाकून उठली. क्लारिस माझ्याकडे बघेना. काहीतरी लपवताहेत, हे कुणालाही कळलं असतं. बाई पितबीत असेल का? का कुणी पुरुष येतो घरात, मारतो हिला? ती भाताचं पातेलं उचलताना दोनदा थांबली, भिंतीला टेकली. बाही वर सरकली तेव्हा हातावर काळेनिळे डाग दिसले.

"हे काय?"

"तुमच्या लेकीची नक्षी," ती म्हणाली. "सुई टोचली की उमटतात."

मग ती बाकावर बसली, झगा गुडघ्यापर्यंत आला. दोन्ही नडग्यांवर तसेच डाग, तळहाताएवढे. नडगीवर कोण सुई टोचतं?

"मानांग, डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टर?" तिला खरंच गंमत वाटली. "अहो, माझं रक्त दर आठवड्याला कॉलेजच्या दुर्बिणीखाली जातं. तुमचीच पोरगी बघते. काही असतं तर तिनं सांगितलं नसतं? ही डॅनिका तर म्हणते, मानांग, तुझं रक्त म्हणजे रेड्याचं रक्त! थकवा काय, वय झालं."

मी क्लारिसकडे बघितलं. ती एकच ताट पुसत होती, पुसून कोरडं झालं तरी.

ती मला धक्क्यापर्यंत सोडायला आली. मी बोटीत चढले नाही. एक बोट सुटली, दुसरी भरायला लागली.

"काय बघितलंस तू तिच्या रक्तात?"

आधी म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, मला काय कळतं, मी विद्यार्थिनी आहे. मग रडायलाच लागली.

घरी काढलेलं मानांगचं रक्त त्या कॉलेजात न्यायच्या आणि नियम मोडल्याचं कळू नये म्हणून डॅनिकाचं सांगून काचेवर घ्यायच्या. महिन्यापूर्वी काचेवर पांढऱ्या पेशी भलत्याच दिसल्या. मोठ्या, कोवळ्या, रक्ताच्या कॅन्सरमध्ये असतात तशा, आणि जिथे तिथे त्याच. शिक्षिका घाबरली, तिनं डॅनिकाला तिथेच बसवून पुन्हा रक्त काढलं. ते अर्थातच स्वच्छ निघालं. "काचेला रंग नीट लावला नाहीत," असं म्हणून तिनं पहिली काच कचऱ्यात टाकली. आणि या दोघी गप्प बसल्या.

"त्यानंतर पुन्हा बघितलं नाहीत?"

"नाही. रक्त काढतो अजून. नाही काढलं तर तिला संशय येईल. पण काचेवर घेत नाही." ती पाण्याकडे बघत होती. "मोरीत ओततो."

"क्लारिस!"

"मग काय करू, नानाय? नियम मोडला म्हणून काढून टाकतील. चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळणार नाही, त्याशिवाय मेडिकलचा अर्जसुद्धा घेत नाहीत. डॅनिकाचंही जाईल. आणि आमची चूकच झाली असेल तर? खरंच रंग नीट लागला नसेल तर?"

"तुला तसं वाटतं?"

तिनं डोळे पुसले आणि भरत आलेल्या बोटीकडे हात केला. हो म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. मला ठेवायचाच होता.

तेव्हापासून मी वाटा शोधते आहे. निनावी चिठ्ठी पाठवावी? मानांग ती मुलींनाच वाचायला देईल. नुसतं तपासून घ्या म्हणावं? ते तर म्हणून झालं. तिच्या घरातल्या भावी डॉक्टरांनी तिला ठणठणीत ठरवलंय, आणि तिचा त्यांच्यावर जितका विश्वास आहे तितका कुठल्या इस्पितळावर नाही. खरं सांगितल्याशिवाय ती हलणार नाही. आणि खरं सांगितलं की ती ते पोटात ठेवणार नाही, सरळ मुलींच्या शिक्षिकेला जाऊन विचारेल, तिचा स्वभावच तो.

आज संध्याकाळी क्लारिसचा फोन आला होता. म्हणाली, मानांगच्या हिरड्यांतून रक्त येतंय, ती म्हणते ब्रश नवा आहे. माझ्या पोरीनं हे मला का सांगितलं असेल? स्वतःला जे बोलवत नाही ते मी बोलावं म्हणून? का नुसतीच भीती वाटली म्हणून? तिच्या आवाजावरून मला ठरवता आलं नाही. आजकाल तिच्या कुठल्याच आवाजावरून ठरवता येत नाही, आणि अशीच ती उद्या डॉक्टर झाली तर रोगी तिच्यासमोर हात पसरून बसतील.

मानांग पहाटे उठते, भात टाकते, मग मुलींना हाका मारते. मुली उठायच्या आधी ती स्वयंपाकघरात एकटी असते. उद्या तेव्हाच तिला फोन करणार आहे. काचेचं सांगेन, मोरीचंही सांगेन, आणि दिवस उजाडताच मोठ्या इस्पितळात जा म्हणेन. मी पहिल्या बोटीनं येते, तुमच्याबरोबर असेन, असंही.

क्लारिसला आधी कळवणार नाही. ती थांब म्हणेल, आणि मी थांबेन.