बेडीवाल्यांना बाजूला व्हायची खूण

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, डोळ्यांना दिसतं त्यावरच माझा विश्वास. तरी हे लिहितेय, कारण अजून राग गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर. आम्ही नॉटिंगहॅमला होतो. जवळच्या एका गावातल्या छोट्या म्युझियममध्ये अंदमानच्या १८५८ सालच्या पहिल्या कैदी वसाहतीचं प्रदर्शन लागलं होतं. रविवारी दुपारी मी आणि माझी सतरा वर्षांची नेहा गेलो. काचेच्या पेटीत पायातली एक बेडी होती. खाली कार्ड... 'जंगल साफ करणाऱ्या कैद्यांवर रानटी लोक विनाकारण हल्ले करीत.'

नेहा इंग्लंडमध्येच जन्मलेली. "आई, माझा बॅग कुठे आहे?" असं तिचं मराठी. ती कार्ड वाचून एकदम म्हणाली, "इनाकारन न्हाई."

मी वळले. आवाज तिचाच होता.

"त्येंचं रान आमच्याकडनं तोडून घेतलं. दिसभर झाडं पाडायची, सांजच्याला मूठभर भात. ती मानसं झाडीतनं बघायची. पयल्यांदा म्होरं आली, तवा एकानं माज्या बेडीला हात लावला. मुकादमांवर हल्ला केला त्या दिशी बेडीवाल्यास्नी खूण केली... बाजूला व्हा. आमास्नी न्हाई मारलं."

आमच्या पुणेरी घरात असं कुणीच बोलत नाही. ही भाषा तिच्या कानावर पडायचा प्रश्नच नव्हता.

तिथले वयस्कर गाइड जवळ आले. मी त्यांना इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. ते हसून म्हणाले, "मॅडम, मुलीची कल्पनाशक्ती छान आहे. कार्ड तज्ज्ञांनी लिहिलंय."

"मग 'विनाकारण' कशावरून, ते तज्ज्ञांना विचारून सांगा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

नेहाने माझी बाही ओढली. "Mum, why are you shouting?" तिला काहीच आठवत नव्हतं.

काही वर्षांनी एका जुन्या हकिगतीत मी वाचलं, हल्ल्याच्या वेळी अंदमानी लोकांनी बेड्या घातलेल्या कैद्यांना खरंच बाजूला व्हायला खुणावलं होतं. नेहाला हे कुठून कळलं? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "टीव्हीवर पाहिलं असेल गं." पाहिलं असेलही... पण ती बोली कुठल्या टीव्हीवर?

एवढंच सांगते, त्या पेटीवर बेडी भेट देणाऱ्या साहेबाचं नाव पितळी अक्षरांत होतं. ती ज्याच्या पायात होती, त्याचं नाव कुठेही नव्हतं.