'अ' बाजूचं पहिलं गाणं

बुसान शहरातल्या सोम्योन चौकात बसथांब्याला लागून मालसूनची हातगाडी उभी असायची. गाडीवर कॅसेटींची भिंत, खाली दोन कर्णे, आणि मागे स्टुलावर मालसून. वय सत्तेचाळीस. आवाज असा, की वाहतूक पोलीस शिट्टी फुंकायचं थांबवून आधी तिच्याकडे बघायचा. कॅसेटी चोरून भरलेल्याच होत्या आणि ते ती लपवतही नव्हती. "दुकानात जा, तीच गाणी तिप्पट भावात मिळतील. दुकानदार नाक मुरडेल ते वेगळं," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची.

रेडिओवर बसलेल्या साहेबांना वाटायचं, गाणं आपण गाजवतो. गाजवतात कसले! गाणं गाजायचं ते हातगाडीवर. बसला उशीर झाला की तीस-चाळीस माणसं गाडीसमोर ताटकळत उभी, आणि डोळे मिटता येतात तसे कान मिटता येत नाहीत. तेच गाणं येता-जाता कानावर आदळलं की माणूस घरी भांडी घासताना तेच गुणगुणतो. मग दुसऱ्या दिवशी येऊन लाजत विचारतो, "ते कुठलं हो, कालचं?" झालं, गाजलं.

त्यातही खरा मान एकाच जागेला. एका कॅसेटीवर वीस गाण्यांची भेळ असायची. "वाजवून दाखवा" असं कुणी म्हटलं की फीत सुरुवातीला आणून लावायची, त्यामुळे 'अ' बाजूचं पहिलं गाणंच दिवसभर वाजायचं. आणि ते पहिलं गाणं कुठलं, हे शहरातले गाडीवाले स्वतः ठरवत नसत. सकाळी माल घेऊन निघताना सोम्योनवरून एक चक्कर मारायची, मालसूनने काय लावलंय ते ऐकायचं आणि तेच आपल्या गाडीवर लावायचं, अशी रीत पडली होती. तिचा कान कधी चुकत नाही, असं सगळे मानायचे.

म्हणून नवे गायक तिच्या दाराशी यायचे. दाराशी म्हणजे गाडीशी. कोट-टाय चढवून, ताकदीच्या औषधी पेयाच्या बाटल्यांचा खोका हातात घेऊन, कमरेत वाकून नमस्कार.

नव्वद सालच्या मार्चमध्ये असाच एक जण आला. चकचकीत जांभळा कोट, रंगवलेले केस, पन्नाशीला टेकलेला.

"ताई, मी सोक दुमान. नवा गायक. आपली कृपा असावी," म्हणत तो इतका वाकला की त्याचा टाय कॅसेटींना घासला.

मालसूनने वर पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जांभळ्या कोटाच्या आतला माणूस तिने अकरा वर्षं दररोज पाहिला होता. तोच तो, ती कामाला होती त्या बुटांच्या कारखान्यातला, शिलाई विभागाचा मुकादम. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून फिरायचा आणि पोरी मुतायला गेल्या की वेळ मोजायचा.

त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? त्याने कधी बायांची तोंडं बघितलीच नव्हती. बघायचा ते हात आणि घड्याळाचा काटा.

"कसलं गाणं?" तिने विचारलं.

"प्रेमाचं, ताई. शब्द माझे, चालही माझीच. कारखाना बंद पडल्यावर बायकोचं घर गहाण टाकून काढलंय. ऐका तर!"

तिने कॅसेट लावली. ट्रम्पेट वाजला, बाजा वाजला, आणि दुमान गायला लागला:

राजा, घड्याळ नको ना बघू, थांब अजून जरासा...

त्याने आणलेल्या पेयाची बाटली मालसूनच्या हातात तशीच राहिली. चाल हाओकची होती. सूर न् सूर हाओकचा. शहात्तर साली सातव्या रांगेत तिच्या शेजारच्या मशीनवर बसून हाओकने ते गाणं जुळवलं होतं, आणि त्याचे शब्द असे होते:

मुकादम, घड्याळ बघ, बघत बस कितीदा,
काटा फिरे जागच्या जागी, तू जागच्या जागी तसा;
सुई आमची चालते रे, जग चालतं तिच्या टाक्यावर...

दोनशे पोरी ते एका दमात म्हणायच्या. मशीनच्या खडखडाटात कोण गातंय ते कळायचं नाही. पण दुमानने शोधून काढलं. हाओकला रांगेसमोर उभं केलं आणि म्हणाला, "फार आवडतं ना? मग गा. मी थांब म्हणेपर्यंत." पोरगी सकाळपासून जेवणाच्या भोंग्यापर्यंत गात राहिली. मधे पाणी नाही. तिचा आवाज फाटला, मग चिरकला, मग गेला. तेव्हापासून हाओक बोलते ती खरखरत, पत्र्यावर वाळू ओतावी तशी. नंतर तिला शिलाईतून काढून गोंदाच्या विभागात टाकलं. तिथल्या वाफांनी आवाजाबरोबर छातीही गेली.

आणि हा माणूस तेच गाणं प्रेमाचं करून विकायला आला होता!

"कसं वाटलं, ताई?" दुमानने विचारलं.

"चाल पकडते," मालसून म्हणाली. तिचा चेहरा दगडासारखा होता. "मी लावीन. 'अ' बाजूला, पहिलं."

दुमानच्या डोळ्यांत पाणी आलं. परत वाकला. जाताना गाडीवर स्वतःचा फोटो असलेला कागद चिकटवून गेला. मालसूनने तो काढला नाही.

रविवारी ती जवळच्या गिम्हेला गेली. हाओक तिथे बाजारात गरम रश्शात मासळीच्या पट्ट्या उकळून विकायची. मालसूनने तिला कॅसेट ऐकवली. हाओक झाऱ्याने रस्सा ढवळत राहिली.

"बरं गातोय की," ती शेवटी खरखरली.

"बरं? अगं, तुझं गाणं चोरलंय त्यानं! तुझा गळा खाल्ला आणि आता गाणंही खातोय!"

"खाऊ दे. चौदा वर्षं झाली, मालसून. मला नवं भांडण नको. गाणं गाजलं तर मला ऐकायला तरी मिळेल."

"ते 'राजा राजा' ऐकशील? बसथांब्यावर पोरी त्याच्यावर माना डोलावतील, आणि तुला चालेल?"

हाओकने समोरच्या गिऱ्हाइकाला रश्शाचा कप दिला.

"मग ऐक," मालसून म्हणाली, "तू माफ कर नाहीतर करू नको, तो तुझा प्रश्न. मी नाही करायची. पुढच्या रविवारी माझ्या खोलीवर सातवी रांग जमवते. आलीस तर आलीस."

त्या काळच्या कॅसेटींवर 'ब' बाजूच्या शेवटी नुसतं वाद्यांचं संगीत भरलेलं असायचं, घरी लोकांनी आपापलं गावं म्हणून. दुमाननेही भरलं होतं. बायकोचं घर गहाण टाकून ट्रम्पेटवाले, ढोलवाले आणले होते त्याने, आणि बिनशब्दाची अख्खी वरात मालसूनच्या हातात आयती ठेवून गेला होता.

पुढच्या रविवारी दुपारी तिच्या खोलीत नऊ बाया कोंबून बसल्या. कुणी केस कापायचं दुकान चालवत होती, कुणी धुणीभांडी करत होती, एकीचं तर नातवंड मांडीवर होतं. कपाटाला गादी टेकवून खोलीचा घुमारा बंद केला. एका यंत्रात दुमानचं संगीत, दुसऱ्यात कोरी फीत, मधे माईक.

"बुजोक, चपलाबूट बाहेर काढ, करकर भरली जाईल," मालसून ओरडली.

"कारखान्यातही एवढी शिस्त नव्हती ग बाई. मुकादमीण झालीस की!"

"झाले. गा आता."

दोनदा फिसकटलं. हसून हसून एकीला खोकला आला. तिसऱ्या खेपेला दार वाजलं आणि हाओक आत आली, हातात रश्शाचा डबा.

"मी फक्त बसायला आले," ती म्हणाली.

पण गाण्याच्या मधे ट्रम्पेट थांबतो आणि फक्त ढोल उरतो, तिथे आली तेव्हा तिलाच राहवलं नाही. माईकपाशी सरकली आणि त्या फाटक्या आवाजात, गाऊन नव्हे, नुसतं म्हणाली, "मुकादम, घड्याळ बघ."

तो आवाज ऐकून मालसूनला इतकी वर्षं दाबून ठेवलेला राग दातांत आल्यासारखं झालं. तिने मान वळवली. रडायला तिने सगळ्यांना जमवलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी सोम्योनवर ते गाणं लागलं. वर दुमानचा फोटो, खाली त्याचंच संगीत, आणि आत सातवी रांग. पहिला गाडीवाला आला तो बांग छिलबोक, थांबून ऐकू लागला.

"मालसूनताई, हे त्या जांभळ्या कोटाचंच ना? मग बायका का गातायत?"

"नवी पद्धत आहे. लावायचं तर लाव, नाहीतर बाजूला हो, गिऱ्हाईक येतंय."

छिलबोकने लावलं. त्याच्या गाडीवरून पुढच्याने, त्याच्यावरून बंदराच्या तोंडाच्या गाड्यांनी. पंधरा दिवसांत बुसानात ते गाणं नाही अशी गल्ली उरली नाही. आणि गाण्यापेक्षाही पुढे धावलं ते हाओकचं वाक्य. शाळेतली पोरं मास्तरांच्या पाठीमागे आवाज खरखरीत करून म्हणायची. मासळीबाजारातल्या बाया गाड्या हटवायला येणाऱ्या पालिकेच्या माणसाला म्हणायच्या. विद्यापीठाच्या दारात पोरांनी ते कापडावर लिहून पोलिसांसमोर धरलं. नवऱ्याला घरी यायला उशीर झाला की बायको म्हणायची. मुकादम जन्मात न पाहिलेली माणसंही म्हणायला लागली, कारण ज्याच्या त्याच्या मानेवर कुणी ना कुणी घड्याळ घेऊन बसलेलं होतंच.

आणि दुमान? तो मालसूनच्या गाडीवरून जायचा तेव्हा टॅक्सीत असायचा. आपला ट्रम्पेट, आपला ढोल वाजतोय एवढं त्याला काचेतून ऐकू यायचं. टॅक्सी न थांबवता तो मनातल्या मनात खूश व्हायचा. शब्द ऐकायला खाली उतरावं लागतं. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची सवय नसलेला माणूस, तो कशाला उतरेल?

बंदराजवळच्या एका बाजारपेठेने मे महिन्यात भर दुपारी जलसा ठेवला. सगळ्यात गाजलेला गायक म्हणून दुमानला बोलावलं. सातवी रांग पुढच्या चटईवर बसली होती. हाओक आली नाही. रश्शाची गिऱ्हाइकं सोडून येणार नाही म्हणाली.

ट्रम्पेट वाजला आणि दोन हजार माणसं उठून उभी राहिली. दुमानने हात पसरले. "राजा..." एवढंच त्याच्या तोंडातून निघालं. पुढचं दोन हजार गळ्यांनी त्याच्या अंगावर ओतलं: मुकादम, घड्याळ बघ, बघत बस कितीदा...

तो थांबला. मग हसला, त्याला वाटलं, लोकांना शब्द आठवत नाहीत. माईकमध्ये मोठ्याने गाऊ लागला. लोक त्याहून मोठ्याने. ढोलाची जागा आली आणि अख्ख्या मैदानाने घसा खरवडून तेच एक वाक्य म्हटलं. तेव्हा त्याचा चेहरा बदलला. तो आवाज त्याला आठवला. तो आवाज त्यानेच तर घडवला होता. गाणं अर्धं टाकून तो मागच्या बाजूने उतरला, आणि लोक त्याच्याशिवाय शेवटपर्यंत गात राहिले.

दुसऱ्या दिवशी तो गाडीपाशी आला. कोट नव्हता.

"तू कोण?"

"सातवी रांग. तिसरं मशीन. तुला हात दाखवू म्हणजे ओळखशील?"

त्याने पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग एकदम धंद्यातला सूर लावला. "हे बघा बाई, झालं ते झालं. लोकांना तुमचे शब्द आवडलेत. मी तेच शब्द घेऊन नवी कॅसेट काढतो. तुम्हाला वाटा देतो. लेखी देतो."

मालसूनने कर्ण्याचा माईक चालू करून त्याच्या तोंडापुढे धरला. बसथांब्यावर पन्नासेक माणसं होती.

"इथे म्हण. गाणं हाओकचं आहे, आणि तिचा गळा मी घालवला. एवढंच. मग घे शब्द, फुकट घे."

दुमानने माईककडे पाहिलं, थांब्यावरच्या माणसांकडे पाहिलं. "अहो, एवढ्या लोकांत..."

"तिलाही एवढ्या लोकांतच उभं केलं होतंस."

तो मागे सरला आणि गर्दीतून चालता झाला. मालसूनने माईक बंद केला, फीत सुरुवातीला नेली आणि गाणं लावलं.

महिनाभराने छिलबोक सांगत आला की दुमान बुसान सोडून मासानला गेला, तिथे एका मंगल कार्यालयात गातो. मालसूनने त्याच दुपारी मासानच्या गाडीवाल्यांना कॅसेटींचा खोका पाठवला. आत एकच चिठ्ठी: 'अ' बाजू, पहिलं. मासानमध्ये गाणं पेटलं. दुमान देगूला गेला. खोका देगूला गेला. तिथून देजॉन, देजॉनहून चोनान. पुढे कुठल्याशा मासिकात एका विद्वानाने लिहिलं की हे गाणं दक्षिणेतून रेल्वेमार्गाने वर सरकलं, यावरून काळाची बदलती आवड दिसते. काळाची कसली आवड! एका माणसाची पळापळ आणि एका बाईची खुन्नस, बाकी काही नाही.

गिम्हेला हाओक कप पुसत म्हणाली, "आता तरी पुरे ना ग? अख्खा देश गातोय माझं गाणं."

"देश गातोय ते बरंच आहे," मालसून म्हणाली. "पण ज्याने म्हणायचं तो अजून म्हणाला नाही."

"तो नाहीच म्हणायचा."

"मग तोही ऐकत राहील. छिलबोक सांगत होता, चोनानहून निघालाय, सोलच्या अलीकडे सुवोनला खोली घेतलीय." तिने पिशवीतून दोरा काढला, सोबत आणलेल्या खोक्याला घट्ट तीन वेढे घातले आणि हाओकपुढे पेन सरकवलं. "तुझं अक्षर चांगलं आहे. पत्ता तू लिही."

हाओकने हात पुसले. मग पेन उचलून तिने ठळक अक्षरांत लिहिलं: सुवोन, रेल्वे स्टेशनसमोरच्या सगळ्या गाड्या. आणि पाठवणाऱ्याच्या जागी, मालसूनने सांगितलं नसताना, स्वतःचं पूर्ण नाव.