परब भावजींचा सपाट रस्ता

सायकलवाल्यांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. जिन्याखाली जुन्या चपला जमतात ना, तसे ते आपोआप जमतात. आणि आमचं घर तळमजल्यावर, खिडकी जिन्याला लागून, खिडकीच्या ग्रिललाच दोन सायकली साखळीने बांधलेल्या. मग सांगा, मी चौकशी करते का चौकशी माझ्या खिडकीशी येऊन उभी राहते? आमचे हे म्हणतात, "मंगल, तू लोकांच्या घरात फार डोकावतेस." मी म्हणते, लोकांनी आपली घरं माझ्या खिडकीसमोरून नेऊ नयेत.

त्या दोन सायकलींपैकी एक तिसऱ्या मजल्यावरच्या परब भावजींची आणि दुसरी मागच्या बिल्डिंगमधल्या पास्कलची. त्याच्याकडे सायकल ठेवायला जागा नाही म्हणून ती आमच्या ग्रिलला. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. थंडी पडली की दर रविवारी अंधारातच निघायचं, हायवे ओलांडून नॅशनल पार्कात शिरायचं आणि कान्हेरी लेण्यांचा चढ चढायचा. वर पोहोचलं की खाली यायचं आणि परत तोच चढ चढायचा. 

मी एकदा पास्कलला विचारलं, "वर पोहोचलात ना एकदा? मग परत कशाला?"

"त्याला रिपीट म्हणतात वहिनी. चढ रिपीट केला की पाय तयार होतात."

"माझी भांडी पण रोज रिपीटच असतात. मी काय त्यांचे फोटो ग्रुपवर टाकते?"

त्या दिवसापासून पास्कल मला जरा दबूनच असतो.

*

आता खरी गोष्ट सांगते. परब भावजींना मागच्या पावसाळ्यानंतर छातीत दुखलं. घरात त्यांची बायको सुनंदा एकटी. तिने कसं त्यांना खाली आणलं, रिक्षा कशी थांबवली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. स्टेंट घातला, माणूस घरी आला. पुढे डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण सपाट रस्त्यावर. चढाचं मला विचारल्याशिवाय नाही.

भावजींनी सुनंदाला शब्द दिला. पार्कात जाणार, पण चढ सुरू होतो तिथून मागे फिरणार. तरी सुनंदा माझ्याकडे आली. चहा घेतला नाही, तशीच उभी राहिली.

"मंगल, तुझ्या खिडकीतून सगळं दिसतं ना गं?"

"सगळं म्हणजे काय, असंच थोडंफार."

"मला खोटं बोलणारा नवरा चालेल. नवरा नसलेला चालणार नाही. तू लक्ष ठेव."

इतकी वर्षं जे काम मी फुकटात, शिव्या खाऊन करत होते, ते मला कोणीतरी हात जोडून दिलं. मी नाही कशी म्हणणार?

*

पहिला संशय आला घामाचा.

जानेवारीतला रविवार. मुंबईची थंडी म्हणजे ती काय, पण आमच्या पार्काच्या कडेला जरा जास्तच लागते. आमचे हे कानटोपी घालून दूध आणायला गेलेले. मी स्वेटरवर शाल घेऊन खिडकीत. इतक्यात परब भावजी आले. कपाळावरून पाणी निथळतंय.

"काय भावजी, सपाट रस्त्याने एवढा घाम?"

"घाम खंय गो? दव पडतासा पार्कात."

"दव गंजीच्या आतून पडतं वाटतं?"

भावजींनी सायकलला साखळी घातली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, परत ओढून पाहिलं. मग म्हणाले, "मंगल, तू पोलिसात जाऊक व्हया होतंस," आणि वर निघून गेले. ज्याला काही लपवायचं असतं तोच कुलूप दोनदा ओढतो.

*

मग पेपर जायला लागला. फक्त रविवारचा.

पेपरवाला दाराच्या कडीत पेपर खोचून जातो. बाकी सहा दिवस व्यवस्थित. रविवारी दार उघडावं तर कडी रिकामी. आमच्या ह्यांना रविवारी आधी राशीभविष्य लागतं, मग चहा. आमच्या घरात अख्खा रविवार तोंड पाडून जायला लागला. मी दूधवाल्यावर संशय घेतला. मग पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूंवर. त्यांना तर मी हळदीकुंकवालाही जरा कमी हसून बोलावलं.

गंमत म्हणजे दुपारी पेपर परत यायचा. पायपुसण्याशेजारी पडलेला. ओलसर, आणि पन्हळीच्या पत्र्यासारखा वाकलेला. ह्यांची कन्या रास पार विरघळून गेलेली.

एका रविवारी मी दाराआड उभीच राहिले. तोवर पेपर गेलेलाच होता; चोर सापडला तो परत येताना. पास्कल सायकल लावत होता आणि त्याच्या जर्सीच्या गळ्यातून छोट्या जाहिरातींचं पान डोकावत होतं.

"पास्कल, हा काय प्रकार?"

"सॉरी हां वहिनी. काय होतं, चढताना अंग भिजतं आणि उतारावर गार वारा सरळ छातीत घुसतो. आत पेपर घातला की एकदम झकास. दोघांना एक पेपर पुरतो. अर्धा मी, अर्धा..."

तो एकदम साखळी लावायला वाकला.

"अर्धा कोण?"

"अर्धा पण मीच," पास्कल म्हणाला. "मी पाठीला लावतो."

*

सुनंदाने पास्कलला रीतसर चहाला बोलावलं. कांदेपोहे केले, वर खोबरं. मला साक्षीला बसवलं. भावजींना मुद्दाम पिठाच्या गिरणीवर पाठवलं.

पास्कल मूळचा आमच्या बोरिवलीच्या जुन्या गावठाणातला. ख्रिश्चन, देवभीरू माणूस. खोटी शपथ घेणार नाही, हे सुनंदाला पक्कं माहीत. तिने पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली आणि सोडली नाही.

"पास्कल, देवाला स्मरून सांगा. हे चढावर येतात का तुमच्याबरोबर?"

पास्कलने बशीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "देवाला स्मरून सांगतो वहिनी. चढ सुरू झाला ना, की परब मला दिसतच नाही."

सुनंदाने बशी सोडली. त्या रात्री म्हणे तिला नीट झोप लागली. मलाही बरं वाटलं. पुढचे काही दिवस मी खिडकीत नुसतीच बसले, लक्ष न ठेवता.

मग एकदा मेथी निवडताना माझा हात थांबला. मी तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले.

"सुनंदा, पास्कल हळू चालवतो ना गं?"

"हो. हे नेहमी हसतात त्याला."

"मग भावजी त्याच्या पुढे असले तरी त्याला दिसणार नाहीत."

सुनंदाने गॅस बंद केला.

*

त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. सुनंदा म्हणाली, आता कळेल. तिने भावजींना तांदूळ आणायला पाठवलं. थोडे नाही, अख्खी गोणी.

मी ओरडले तिच्यावर. "सुनंदा, स्टेंट घातलेल्या माणसाला गोणी उचलायला लावतेस?"

"दुकानातला पोरगा गोणी खालपर्यंत आणतो आणि वरही नेतो. मी बोललेय त्याच्याशी. मला फक्त यांना जिना चढताना बघायचंय."

ठरल्याप्रमाणे आम्ही दोघी भावजींच्या मागून जिना चढायला लागलो. दवाखान्यातून आले होते तेव्हाही लिफ्ट बंदच होती, आणि हाच माणूस प्रत्येक वळणावर कठडा धरून उभा राहायचा. आता बघावं तर गुणगुणत चाललाय. दुसऱ्या मजल्यावर माझाच जीव वर आला. मी पायरीवर बसले. वरून भावजींचा आवाज आला, "मंगल, बरा नाय तर डॉक्टराक दाखव गो."

मी धापा टाकत सुनंदाला म्हटलं, "अगं, ठणठणीत आहेत की. हसायचं सोडून तोंड काय पाडतेस?"

सुनंदा माझ्या शेजारी बसली. "आजारी होते तेव्हा माझं ऐकत होते गं. बरा झालेला माणूस कोणाचं ऐकतो?"

*

मग आली ती खरी थंडी. आमच्या ह्यांनी रात्री पंखा बंद केला, एवढी. सुनंदाच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं, थंडीत पहाटे हृदयाला जास्त धोका. तिने ते मला दाखवलं, मी वाचलं, परत दिलं.

शनिवारी तिने भावजींना विचारलं, "उद्या राहू दे ना. गारठा आहे."

भावजी म्हणाले, "सपाट रस्त्याक कसली थंडी?"

रविवारी ते निघाले, आणि उजाडल्यावर आम्ही दोघी निघालो. पार्काच्या गेटातून कान्हेरीला जाणारी पहिली बस पकडली. बसमध्ये एक शाळेची सहल, दोन म्हाताऱ्या आणि आम्ही. सुनंदाने पर्समध्ये जिभेखाली ठेवायची गोळी घेतली होती. सबंध रस्ताभर तिचा हात पर्सच्या चेनवर.

सपाट रस्ता संपेपर्यंत सायकलवाले बरेच दिसले. त्यात भावजी नव्हते. मग चढ सुरू झाला. बस गुरगुरायला लागली. पहिल्या वळणावर पास्कल दिसला, तोंड उघडं, सायकल रस्त्यावर नागमोडी. त्याने खिडकीत मला पाहिलं आणि त्याचं तोंड आणखी उघडलं.

"आता पुढे बघ," मी सुनंदाला म्हटलं.

पुढच्या वळणावर भावजी. सीटवरून उठून उभे, सगळं अंग एका पायावर टाकतायत, मग दुसऱ्या. पाठ भिजलेली. रस्ता अरुंद, समोरून गाडी येत होती, त्यामुळे बस त्यांच्या मागेच रेंगाळली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. भावजींनी मागे वळून पाहिलं. पहिल्याच खिडकीत सुनंदा.

सायकल डगमगली. त्यांचा एक पाय पेडलवरून सुटला आणि जमिनीकडे जायला लागला.

सुनंदाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "अहो, पाय टेकू नका! मागे बस आहे!"

भावजींचा पाय परत पेडलवर गेला. सहलीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना काय माहीत.

वर लेण्यांच्या पायथ्याशी आम्ही उतरलो. भावजी येऊन सायकलला टेकून उभे राहिले. छाती वर-खाली होत होती. मागून पास्कल आला आणि तिकीटखिडकीच्या पलीकडे जाऊन काहीतरी वाचत उभा राहिला. तिथे वाचायला काहीच नव्हतं.

सुनंदाने भावजींचं मनगट धरलं. दवाखान्यातल्या नर्सने तिला नाडी बघायला शिकवलं होतं. एक डोळा घड्याळावर, ओठ हलतायत. भावजी मान खाली घालून उभे. बराच वेळ झाला. माकडं येऊन बघून गेली.

शेवटी आकडा मनासारखा आला असावा, तिने हात सोडला.

"खाली जा," ती म्हणाली.

"सुनंदा, ह्यां शेवटचांच होता गो. परत नाय येणार वर."

"मी काय म्हटलं? खाली जा. चढ सुरू होतो तिथपर्यंत. आणि परत वर या."

भावजी तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी खांदे उडवले.

सुनंदा लेण्यांकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसली. साडीचा पदर कानांवरून घट्ट घेतला, पर्स मांडीवर ठेवली आणि रस्त्याकडे बोट दाखवलं.

"मी इथेच आहे. आणि मी बघतेय म्हणून हळू येऊ नका."