फुकट मदतीचा परवाना

चौतीस वर्षं डेलमर ट्वेट नॉर्थ डाकोटातल्या हेग्लंड गावात आणि भोवतालच्या शेतांवर टपाल वाटत होता. रोज ब्याण्णव मैल. पेटी उघडायची, पत्रं आत, झाकण बंद, गाडी पुढे. कोणाच्या मुलीचं पत्र येणं थांबलंय, कोणी बियाण्याची किती सूचिपत्रकं मागवतो, सगळं त्याला तोंडपाठ. पण टपालपेट्या रस्त्याकडेला असतात, त्यामुळे हेग्लंडमधलं प्रत्येक घर त्याने फक्त समोरून पाहिलं होतं. मागे काय असेल, हा किडा चौतीस वर्षं त्याच्या डोक्यात वळवळत राहिला. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्याने ड्रोन मागवलं, ते यासाठी.

"लोकांच्या परसात डोकावणार आहेस?" बायकोने, आर्डिसने, विचारलं होतं.

"छे! आपल्याच परसात."

आणि खरोखरच पहिल्या उड्डाणात त्याने स्वतःच्या घराची मागची बाजू वरून पाहिली. धुराड्याचं टोपण गायब होतं आणि आर्डिसने "फेकून दिली" असं सांगितलेली त्याची लाडकी आरामखुर्ची कोठारामागे उलटी पडली होती. त्या दिवसापासून आर्डिसला ड्रोन आवडेनासं झालं.

डेलमर नियमाचा माणूस. सरकारी नोकरीत मुरलेला. ड्रोन खोक्यातून काढल्यावर उडवण्याआधी त्याने ते स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठेवलं, कारण पाव किलोच्या वर वजन भरलं की नोंदणी करावी लागते. भरलं. मग नोंदणी केली. मिळालेला क्रमांक यंत्राच्या बाहेरच्या अंगावर दिसेल असा लावायचा होता, म्हणून आर्डिसच्या मुरंब्याच्या बरण्यांची लेबलं घेतली. परिणामी त्या ड्रोनच्या पोटावर सरकारी क्रमांक आणि त्याच्या वर छापील अक्षरांत "घरी केलेलं, प्रेमाने" असं दोन्ही होतं.

छंद म्हणून उडवणाऱ्यांसाठी एक परीक्षाही होती, घरबसल्या संगणकावर द्यायची. तिने डेलमरला फारच कोड्यात टाकलं. उत्तर चुकलं की ती सांगायची, चुकलं. आता परत दे. बरोबर येईपर्यंत.

"आर्डिस, ही परीक्षा नापासच होता येत नाही!"

"मग तुझ्यासाठीच काढली असेल."

त्याने मुद्दाम तीन उत्तरं चुकवून पाहिली, नापास होता येतं का ते बघायला. नाही होता आलं. ते प्रमाणपत्र त्याने छापून गाडीत, डोळ्यांवरचं ऊन अडवणाऱ्या फळीला लावून ठेवलं.

दोन वर्षं सुखात गेली. मग मे महिन्यात चर्चच्या तळघरात कार्यकारिणीची बैठक भरली. चर्चच्या इमारतीला जुलैत शंभर वर्षं होत होती. भिंतीवर उद्‌घाटनाच्या दिवसाचा फोटो होता. धान्याच्या उंच कोठाराच्या छतावर चढून कोणीतरी काढलेला. सगळं गाव चर्चसमोर उभं, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात जो तो टोपी धरून खाली मान घातलेला. दुसऱ्या रांगेत डेलमरची आजी, आणि तिच्या हातांत दुपट्यात गुंडाळलेली तीन महिन्यांची डेलमरची आई.

"तसाच फोटो पुन्हा काढला तर? वरून?" पास्टर कॅरिनने विचारलं. चर्चची धर्मगुरू असलेली ती तरुण बाई गावात नवीन होती, म्हणजे सहा वर्षांपूर्वी आलेली.

हेग्लंडमध्ये कोणी स्वतःहून हात वर करत नाही. लोक आपल्याकडे बघेपर्यंत थांबायची पद्धत आहे. सगळ्यांनी डेलमरकडे बघितलं. डेलमरने कॉफीच्या कपात बघितलं.

"जमेल बहुतेक," तो म्हणाला. त्या गावात ही शपथ समजली जाते.

"परवाना आहे ना?" बर्नेल क्वामीने विचारलं. बर्नेल गुरं पाळायचा, विमा विकायचा आणि शाळेपासून डेलमरचा मित्र होता.

"आहे की. गाडीत लावलाय."

"तो छंदाचा. फोटो चर्चच्या कॅलेंडरवर जाणार, पाककृतींच्या पुस्तकावर जाणार. ते काम झालं. कामाचा परवाना वेगळा असतो."

"पण मी एक पैसाही घेणार नाहीये!"

"पैशाचा संबंध नाही. स्वतःच्या मौजेसाठी उडवलं तर छंद. दुसऱ्याच्या कामासाठी उडवलं, मग फुकट का होईना, की वेगळा परवाना."

डेलमरने कप खाली ठेवला. "मग गेल्या ऑक्टोबरात तुझ्या कालवडी शोधून दिल्या, ते?"

"ते बेकायदेशीर होतं."

"अरे, तूच फोन केला होतास!"

"तेव्हा मी नियम वाचला नव्हता."

"पण मला मजा आली होती, बर्नेल! ओढ्याच्या वळणावर अकराच्या अकरा सापडल्या तेव्हा मी उड्या मारल्या होत्या. मग तो छंदच की!"

"मजा येणं हा गुन्हा नाही," बर्नेल शांतपणे म्हणाला. "पण कालवडी माझ्या होत्या."

तळघरातल्या कोणालाच हे पटेना. हेग्लंडमध्ये शेजाऱ्याकडून पैसे घेणं म्हणजे चारचौघांत झोपायच्या पायजम्यात येण्यासारखं. फुकट करतो तो भला, आणि पैसे घेतो तो धंदेवाला, एवढी एकच रेघ त्यांना ठाऊक होती. सरकारने रेघ भलतीकडेच मारली होती.

"अडचण असेल तर फार्गो शहराहून एखादा व्यावसायिक माणूस बोलवू," पास्टर कॅरिन म्हणाली. बिचारी सहाच वर्षांची नवीन.

फार्गोचा माणूस! ज्या फोटोत आपली आई होती, तो फोटो पुन्हा काढायला फार्गोचा माणूस! डेलमर उठला. "देतो परीक्षा," म्हणाला, आणि चक्क कॉफी अर्धी टाकून गेला.

ही परीक्षा मात्र नापास होता येणारी होती. साठ प्रश्न, बेचाळीस बरोबर यायला हवेत, आणि शंभर मैलांवरच्या केंद्रात जाऊन द्यायची. डेलमरने पुस्तक आणलं. आर्डिस स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता त्याला प्रश्न विचारू लागली.

"वाऱ्याची दिशा सांगतात ती कुठून येतो ती, की कुठे जातो ती?"

"कुठून येतो ती."

"चारशे फुटांच्या वर का जायचं नाही?"

"वरती विमानं असतात म्हणून. पण आर्डिस, आपल्याकडे फवारणीची विमानं विजेच्या तारेखालून जातात. त्यांना कोणी सांगितलंय का?"

"पुस्तकात आहे का हा प्रश्न?"

"नाही."

"मग गप्प बस आणि पुढचं सांग. पिऊन उडवायचं असेल तर किती तास थांबायचं?"

"आठ. पण ड्रोन मी जमिनीवर उभा राहून उडवतो, मग..."

"डेलमर!"

प्रत्येक नियमाच्या मागच्या परसात त्याला डोकावायचं होतं. वैमानिकांच्या नकाशावर तर तो लहान मुलासारखा भाळला. जांभळी वर्तुळं, निळ्या तुटक रेघा, आणि प्रत्येक मनोऱ्याची उंची आकड्यांत. चौतीस वर्षं ज्या रस्त्यांवरून गेला, त्यांच्या वर एवढे अदृश्य रस्ते होते आणि कोणी बोललं नव्हतं!

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो परीक्षेला गेला. एक्केचाळीस आले.

काउंटरवरच्या मुलीने निकालाचा कागद दिला. कोणता प्रश्न चुकला ते त्यावर लिहीत नाहीत, फक्त विषय लिहितात. एका ओळीत होतं: नकाशावाचन, अडथळ्यांची उंची. डेलमरला लख्ख आठवलं. प्रश्नासोबत जुन्या नकाशाचा एक तुकडा दिला होता आणि तो तुकडा त्याच्याच टापूचा निघाला होता. आनंदाने तो खुर्चीतून उठायचाच राहिला होता. विचारलं होतं, या भागातला सर्वांत उंच अडथळा कोणता?

"मग?" घरी आल्यावर आर्डिसने विचारलं.

"नकाशावर रेडिओचा मनोरा दाखवलाय. पण तो सत्त्याण्णवच्या बर्फाच्या वादळात पडला. मी स्वतः पाहिला आडवा पडलेला, त्याला वळसा घालून टपाल दिलं. म्हणून मी दुसऱ्या नंबरचा निवडला."

आर्डिसच्या हातातला चमचा थांबला. "त्यांनी तुला काय विचारलं होतं?"

"नकाशानुसार."

"आणि तू?"

"मला खरं ठाऊक होतं, आर्डिस. ठाऊक असून खोटं कसं लिहू?"

एवढा प्रामाणिकपणा बघून तिला हसू आवरेना. चौदा दिवस थांबल्याशिवाय परीक्षा पुन्हा देता येत नव्हती. त्या चौदा दिवसांत ती रोज सकाळी न्याहारीला एकच विचारायची, "मनोरा कुठे आहे?"

"उभा आहे," डेलमर पडेल आवाजात म्हणायचा.

"मोठ्याने."

"उभा आहे!"

दुसऱ्या खेपेला प्रश्न बदललेले होते आणि मनोरा आलाच नाही. याचं त्याला थोडं वाईटही वाटलं. पण त्रेपन्न आले. मग अर्ज, आणि अर्जानंतर सरकार माणसाची पार्श्वभूमी तपासतं. हे कळल्यावर डेलमर दोन रात्री तळमळला, कारण पंच्याहत्तर साली त्याने सरकारी मर्यादेपेक्षा एक मासा जास्त पकडला होता. सरकारला त्याचा पत्ता लागला नाही, किंवा लागूनही त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं. जुलैत सोहळ्याच्या तीन दिवस आधी तात्पुरता परवाना ईमेलने आला.

छंदाचा नोंदणी क्रमांक कामाला चालत नाही, म्हणून ड्रोनची पुन्हा नोंदणी. जुनं लेबल खरवडलं, नवं चिकटवलं. "घरी केलेलं, प्रेमाने" पुन्हा होतंच.

सोहळ्याच्या रविवारी दोनशे माणसं चर्चसमोरच्या हिरवळीवर जमली. डेलमर नारिंगी जाकीट घालून रस्त्यापलीकडे दफनभूमीच्या कुंपणापाशी उभा राहिला.

"इतक्या लांब का गेलात?" पास्टर कॅरिनने हाक मारून विचारलं.

"माणसांच्या डोक्यांवरून उडवता येत नाही! दफनभूमीवर थांबवतो आणि तिरपा काढतो!"

"तिथे माणसं नाहीत का?" बर्नेल ओरडला.

डेलमरने मागे वळून दगडांच्या रांगांकडे बघितलं. पहिल्या फोटोतले जवळजवळ सगळेच तिथे होते. "विचारलं मी," तो म्हणाला. "कोणाची हरकत नाही."

"पुढे या, पुढे या!" पास्टर कॅरिन लोकांना विनवत होती. पण चर्चमध्ये पुढची बाकं रिकामी ठेवून मागे दाटीवाटीने बसणारे ते लोक. हिरवळीवरही सगळे दाराला चिकटून उभे राहिले आणि पुढे भलीमोठी मोकळी जागा सुटली. ड्रोन गुणगुणत वर गेलं. नेमका तेव्हाच वारा सुटला. दोनशे हात टोप्यांवर गेले, दोनशे माना खाली. ड्रोन हेलकावत होतं, आता खाली उतरवावं की काय असं डेलमरला वाटलं. नियमाप्रमाणे त्याने नजर मात्र त्याच्यावरून हलवली नाही. एकच फोटो निघाला.

संध्याकाळी आर्डिसने तो जेवणाच्या टेबलावर जुन्या फोटोच्या शेजारी ठेवला. बर्नेलही आला होता, लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन. त्याची कालवड पुन्हा कुंपण तोडून गेली होती.

"एकाचंही तोंड दिसत नाही," बर्नेल म्हणाला. "फार्गोच्या माणसाने दुसरा काढला असता."

"शंभर वर्षांपूर्वीही तेच," आर्डिस म्हणाली. "आणि तेव्हाही पुढची जागा रिकामीच." मग ती खाली वाकली. "डेलमर, इकडे बघ."

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, रिकाम्या हिरवळीच्या अलीकडे, एक नारिंगी ठिपका होता. ड्रोनवर नजर खिळवून उभा असलेला डेलमर. सगळ्या गावात कॅमेऱ्याकडे सरळ बघणारा तो एकटाच होता.

आर्डिसने जुन्या फोटोवर बोट ठेवलं. दुसऱ्या रांगेत, खाली माना घातलेल्या माणसांच्या गर्दीत, दुपट्यातलं ते तीन महिन्यांचं पोर तोंड उघडं टाकून थेट वर बघत होतं.

डेलमर दोन्ही फोटोंवर वाकला. मग त्याने एक वडी उचलली.

"आई काय बघत असेल गं?" तो म्हणाला.